दाढ ठणकायची थांबली तेव्हा

माझ्या सासऱ्यांची दाढ रात्र रात्र ठणकत होती, तेव्हा त्यांच्या जिवाला धोका नव्हता. ठणका थांबला, घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना मिरजेला आयसीयूत ठेवावं लागलं. दातांच्या बाबतीत किती दुखतंय यावरून घाई ठरवायची नसते, हे आधी कुणी सांगितलं असतं तर आमच्या घरात कुणाला पटलं नसतं. सगळ्यात आधी सासऱ्यांनाच नसतं पटलं.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो, सासूबाईंना आत्या. तासगावपासून थोड्या अंतरावर आमची द्राक्षबाग आहे. ज्यांच्याकडं द्राक्षं आहेत त्यांना ऑक्टोबर म्हणजे काय ते सांगायला नको. छाटणी, लगेच काड्यांना पेस्ट, फुटवे निघाले की विरळणी, आणि मध्येच पाऊस झाला तर डावणीच्या, म्हणजे वेलीवरच्या बुरशीच्या रोगाच्या, धास्तीनं रात्री-अपरात्री फवारणीचा ब्लोअर चालू. या दिवसांत आमच्याकडं कुणी आजारी पडत नाही, पडलं तरी सांगत नाही. मामांना बऱ्याच वर्षांची शुगर आहे. गोळी घेतात, पथ्य सोयीनं पाळतात. खालची उजवीकडची दाढ, अक्कलदाढेच्या अलीकडची, किडलेली होती. तासगावच्या दातांच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगून ठेवलं होतं की रूट कॅनाल करा, नाहीतर काढून टाका. मामांचं उत्तर ठरलेलं, "छाटणी होऊ दे."

दुखणं कसं वाढत गेलं ते क्रमानं सांगते, कारण नंतर मिरजेच्या डॉक्टरांनी हाच क्रम आमच्याकडून काढून घेतला. सुरुवातीला गार पाणी लागलं की कळ यायची आणि क्षणात जायची. पुढं गरम चहानं यायला लागली, आणि चहा संपून कप विसळून झाला तरी कळ तिथंच. मग काही न खाता-पिता, आपोआप. त्यातही आडवं पडलं की जास्त. मामा रात्री सोप्यात फेऱ्या मारायचे, हातात गार पाण्याची बाटली. एक घोट तोंडात धरायचा, कोमट झाला की थुंकायचा, दुसरा घ्यायचा. आत्यांनी लवंग दिली, लवंगेचं तेल कापसावर लावून दिलं. शेजारच्या आजींनी मशेरी लावायला सांगितली. मशेरीनं दाढ थांबते हा आमच्या भागातला जुना समज आहे आणि त्या समजापायी कित्येक बायांना आयुष्यभराची तंबाखू लागली आहे. मेडिकलमधून पुडीत बांधून गोळ्या आल्या: एक दुखण्याची, एक सुजेची, एक पित्ताची.

आणि एका सकाळी मामा उठले ते हसतच. "थांबलं बघ." गरम चहा प्याले, काही झालं नाही. आत्या म्हणाल्या, लवंगेनं गुण दिला.

गुण कशानंच दिला नव्हता. दाढेच्या पोटात नस असते. कीड तिथवर पोहोचली की नस सुजते, पण भोवती कठीण दात असल्यानं सुजेला पसरायला जागा नसते, म्हणून तो जीवघेणा ठणका. गरमानं वाढतो, गारानं थोडा उतरतो. अशात नस मेली की ठणका बंद. जंतू मात्र मेलेले नसतात, ते मुळाच्या टोकातून बाहेर पडून हाडात उतरायला लागतात. गोळ्यांचाही तिथं फारसा इलाज चालत नाही, कारण मेलेल्या नसेत रक्त जात नाही आणि औषध पोहोचायचं ते रक्तातूनच. हे सगळं डॉक्टरांनी नंतर समजावलं. त्या सकाळी आम्ही सगळे खूश होतो आणि मामा पेस्ट लावणाऱ्या माणसांना घेऊन बागेत गेले होते.

मध्ये काही दिवस बरे गेले. मग घास चावताना दुखायला लागलं. मामा म्हणायचे, ही दाढ उंच झालीय, आधी हीच टेकते. मग सूज आली.

गाल सुजलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. ही सूज गालावर नव्हतीच. जबड्याच्या हाडाच्या खाली, गळ्याकडच्या बाजूला होती. सकाळी उजवीकडं, संध्याकाळी हनुवटीखाली, दुसऱ्या दिवशी डावीकडंही. हात लावला तर टणक, दाबली तर दबत नव्हती. फार लाल नव्हती, पिकल्याची खूण नव्हती. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि उद्यापर्यंत उतरेल म्हणाले. आत्यांनी वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक द्यायची तयारी केली, मामांनी तो एकदा घेतला आणि नको म्हणाले. बाहेरून शेक देऊ नये हे मला पुढं कळलं. उष्णतेनं त्या भागात रक्त वाढतं, सूज आणखी फुगते आणि पू बाहेरच्या बाजूला येऊ शकतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चालतात, पण गुळणी करायला तोंड तरी उघडायला पाहिजे.

त्या रात्री भाकरी कुस्करून दुधात दिली, ती तशीच राहिली. ताक मागितलं. पहिल्या घोटातलं निम्मं टॉवेलवर आलं. टॉवेल पाहिला तर आधीच ओला होता. मामा मघापासून लाळ पुसत होते, गिळत नव्हते. बोलणं गालात तंबाखूचा बार धरल्यागत येत होतं, आणि मामा तंबाखूला शिवत नाहीत. मी अंथरूण घातलं तर म्हणाले, खुर्चीतच बसतो. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढं, हनुवटी वर. "दुखतंय का मामा?" तर म्हणाले, "न्हाई गं, दुखत न्हाई एवढं. आडवं पडलं की गुदमारतंय."

दुखत नाही म्हटल्यावर आत्या झोपायला गेल्या. माझ्या डोक्यात ते बसणं घोळत राहिलं. माझे मिस्टर पुण्यात नोकरीला, ते कामावर होते. माझ्या मावसबहिणीची मुलगी तेव्हा बीडीएसच्या, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या, इंटर्नशिपला होती, तिला व्हिडिओ कॉल लावला. पोरगी झोपेतून उठली होती, पण मोबाइलमध्ये मामांना बघितल्या बघितल्या तिचा आवाज बदलला.

"मावशी, त्यांना तोंड उघडायला सांग. त्यांची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का?"

एकच बोट गेलं, तेही आडवं.

"जीभ बाहेर काढायला सांग. ओठाच्या पुढं येते का? जिभेखाली टॉर्च मार. तिथं फुगलंय का?"

जीभ दातांच्या पुढं येईना. जिभेखालचा भाग वर उचलला गेला होता, जीभ टाळूकडं ढकललेली.

"थुंकी गिळता येते? सूज दोन्ही बाजूंना आहे? श्वास घेताना घरघर, शिट्टी असा आवाज येतो? ताप?"

तापाचं मी नाही म्हणाले. ती म्हणाली, दुखण्याच्या गोळीनं ताप दबतो, त्याच्यावर जाऊ नकोस. आणि मग तिनं जे सांगितलं ते मी अजून जसंच्या तसं लोकांना सांगते. "आत्ता निघा. सकाळची वाट बघायची नाही. दातांच्या दवाखान्यात न्यायचं नाही, तिथं काही होणार नाही. जिथं आयसीयू आहे, भूल देणारे डॉक्टर रात्री हजर असतात, तिथं न्या. गाडीत आडवं झोपवू नका, बसूनच न्या. खायला-प्यायला काही देऊ नका, ऑपरेशन लागेल. शुगरची फाइल, चालू गोळ्या, आधार आणि रेशनकार्ड घ्या. वाटेत आवाज येऊ लागला किंवा ओठ काळेनिळे दिसले तर थांबून १०८ ला फोन करा, त्यांच्याकडं ऑक्सिजन असतो." आणि फोन ठेवता ठेवता, "मावशी, तिथं गेल्यावर दाढ दुखतेय असं म्हणू नकोस. श्वास कोंडतोय आणि थुंकी गिळता येत नाही, एवढंच आधी म्हण."

मामा निघायला तयार नव्हते. सकाळी फवारणीची माणसं येणार होती. आत्या उठल्या, त्या म्हणाल्या, एवढ्या रात्री दाढेसाठी मिरजेला कोण जातं? या वेळी वाद घालत बसण्यात अर्थ नव्हता. मी शेजारच्या दादांना उठवलं, त्यांनी गाडी काढली, आणि फवारणीचं मी बघते म्हटल्यावर मामा उठले. कवठे एकंद, माधवनगर, सांगली करत मिरज. एरवी तासाभराचा रस्ता. मामांना पुढच्या सीटवर बसवलं होतं, मी मागून त्यांच्या श्वासाकडं कान लावून. दादा बिचारे कवठे एकंदच्या दसऱ्याच्या दारूकामाच्या, आतषबाजीच्या, गप्पा मारून वातावरण हलकं करत होते, मला त्यांना गप्प बसा म्हणायचा धीर होत नव्हता.

अपघात विभागात रात्रीची गर्दी होती. एक बाई हाताची मूठ गालावर दाबून मोठमोठ्यानं रडत होती, तिचा नवरा खिडकीशी भांडत होता. दाढच होती तिचीही. खिडकीवरच्या माणसानं मामांच्या गळ्याकडं बघून मला म्हटलं, दातांची ओपीडी सकाळी उघडते, इंजेक्शन देऊन देतो. मी भाचीचं वाक्य म्हटलं. श्वास कोंडतोय, थुंकी गिळता येत नाही, शुगर आहे. त्या तीन गोष्टी एकत्र ऐकल्यावर त्यानं मान वर करून आतल्या डॉक्टरांना हाक मारली. बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन चांगला दिसत होता, मला तेवढ्यानं बरं वाटलं, तर ज्युनिअर डॉक्टर म्हणाल्या, यात शेवटपर्यंत आकडा चांगलाच असतो, आकडा पडतो तेव्हा वेळ उरलेला नसतो. मामांना त्यांनी आत नेलं. रडणाऱ्या बाईला बाकावर बसायला सांगितलं. तिचा नवरा माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता की मी ओळखीनं आत घुसले. त्याच्या जागी मीही तसंच बघितलं असतं: एक बाई वेदनेनं तडफडतेय आणि शांत बसलेल्या म्हाताऱ्याला आधी घेतात. पण तिची नस जिवंत होती, तोंड पूर्ण उघडत होतं, सूज नव्हती. तिला दुखण्याचं औषध द्यायचं आणि सकाळी दाढ उघडून नस मोकळी करायची, एवढंच काम होतं.

जबड्याचे सर्जन, कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ असे तिघंही आले तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. सर्जननी केसपेपरच्या मागं चित्र काढून समजावलं. खालच्या जबड्याला आतून, जिभेच्या तळाशी, एक स्नायू आडवा बांधलेला असतो. पुढच्या दातांची मुळं त्या स्नायूच्या वर संपतात, तिथला पू तोंडात येतो, हिरडीवर पुळी होते, फुटते, आपण थुंकतो. शेवटच्या दोन दाढांची मुळं मात्र त्या स्नायूच्या खाली उतरलेली असतात. तिथला पू तोंडात न येता गळ्याच्या बाजूला जातो, हनुवटीखालून दुसऱ्या बाजूला पसरतो, आणि जीभ वर आणि मागं ढकलतो. श्वासाची वाट जिभेच्या मागूनच जाते. म्हणून मामांची मान पुढं होती, हनुवटी वर होती. शरीर आपलं आपण वाट उघडी ठेवत होतं. आडवं केलं असतं तर जीभ मागं पडली असती. या आजाराला लुडविग्ज अंजायना म्हणतात. १८३६ मध्ये लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. अंजायना म्हटल्यावर मला हृदयाचं वाटलं, पण हृदयाशी याचा संबंध नाही. अँटिबायोटिक नव्हती त्या काळात यातली निम्म्याहून जास्त माणसं जायची, बहुतेक गुदमरून.

"सूज असताना दाढ काढत नाहीत ना?" मी विचारलं. आमच्याकडं हे सगळ्यांना पाठ असतं. ते म्हणाले, दाढ हेच मूळ आहे, ती ठेवून सूज कशी जाईल? अडचण एवढीच की पू झालेल्या जागी सुन्न करायचं इंजेक्शन नीट लागत नाही आणि तोंड उघडत नाही, म्हणून कधी काढायची ते डॉक्टरनं ठरवायचं. मामांची दाढ त्याच ऑपरेशनमध्ये काढणार होते.

कठीण काम ऑपरेशनचं नव्हतं, भूल देण्याचं होतं. पूर्ण भूल दिली की घशाचे स्नायू सैल पडतात आणि उरलीसुरली वाट बंद होऊ शकते. म्हणून मामांना जागं ठेवून, बसवूनच, नाक आणि घसा औषधानं सुन्न करून, बारीक दुर्बिणीवरून नाकातून श्वासनलिकेत नळी घालणार, आणि नळी बसल्याची खात्री झाल्यावरच झोपवणार. ते जमलं नाही तर गळ्याला समोरून छिद्र. संमतीच्या कागदावर तेही लिहिलेलं होतं. मिस्टर अजून साताऱ्याच्या अलीकडं होते, सही मीच केली. सीटी स्कॅनचं निघालं होतं, पण त्यासाठी सपाट झोपावं लागतं. भूलतज्ज्ञ म्हणाले, आधी श्वास सुरक्षित करू, फोटो नंतर.

शुगर ३००च्या वर निघाली. जंतुसंसर्ग झाला की शुगर वाढते आणि वाढलेल्या शुगरमध्ये जंतू आणखी माजतात, दोन्ही एकमेकांना धरून चढतात. इन्सुलिन सुरू झालं.

ऑपरेशन संपून सर्जन बाहेर आले तेव्हा मला वाटलं, वाटीभर पू निघाला असेल. तसं काही नव्हतं. हनुवटीखाली आणि दोन्ही बाजूंना चिरा दिल्या, तर तपकिरी, घाण वासाचं पाणी आलं, पू नावाला. ते म्हणाले, यात असंच असतं. आतला ताण मोकळा होणं महत्त्वाचं. चिरांमधून रबरी नळ्या सोडल्या होत्या, राहिलेलं निथळायला. दाढ प्लास्टिकच्या डबीत घालून मला दाखवली. एवढीशी.

नाकातली नळी लगेच काढली नाही. ऑपरेशननंतर सूज आधी थोडी वाढते, मग उतरते, तोवर श्वास तिच्यावरच. मामांना बोलता येत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी हातानं लिहायची खूण केली, नर्सनं पाटी दिली. मी भेटायच्या वेळेत गेले तर त्यांनी पाटी माझ्याकडं फिरवली. वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: "फवारणी झाली का". झाली म्हटलं. प्रत्यक्षात शेजारच्या दादांनी दुपारी केली होती, आणि औषधाचं प्रमाण विचारायला मलाच फोन केला होता, मी आयसीयूच्या दारात उभी असताना.

वॉर्डात आणल्यानंतरचे दिवस मोठे वाटले, पण सांगण्याजोगं त्यात फार नाही. रोज ड्रेसिंग, शिरेतून अँटिबायोटिक, शुगर तपासणी. आरोग्यमित्राच्या, म्हणजे सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, खिडकीवर रेशनकार्ड, आधार घेऊन गेले. सरकारी योजनेत कोणता उपचार बसतो आणि कोणता नाही हे तिथंच कळतं, दाखल झाल्या झाल्या विचारायला हवं. जबडा उघडायचा व्यायाम मात्र लक्षात राहिला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये धरायच्या, दर दिवशी एखादी वाढवायची. मामांनी ते पैज लावल्यागत केलं.

भाची एक दिवस भेटायला आली. मी तिला बाकावर बसवून नीट विचारून घेतलं, की दातांचं आणखी काय काय असं असतं जे थांबू शकत नाही. तिनं आधी मुलांचं सांगितलं. खेळताना पडून पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर तो परत बसवता येतो, पण घड्याळ लावून. अर्ध्या तासात उत्तम, तासाभरानंतर आशा झपाट्यानं कमी होते. दात पांढऱ्या टोकाला धरायचा, मुळाला बोट लावायचं नाही. घासायचा नाही, साबण लावायचा नाही, फडक्यात किंवा कागदात गुंडाळायचा नाही. माती लागली असेल तर पाण्याखाली क्षणभर धरायचा आणि जमत असेल तर तिथंच खोबणीत बसवून मुलाला रुमाल चावायला द्यायचा. नाही जमलं तर गार दुधात टाकायचा. साध्या पाण्यात ठेवला तर मुळावरच्या पेशी फुगून मरतात. दुधाचा दात पडला तर मात्र परत बसवायचा नाही, आत येणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. आमच्याकडं पडलेला दात कौलावर टाकायची पद्धत. तिनं हसून सांगितलं, शाळेतल्या मास्तरांनीच एकदा पक्का दात कागदाच्या पुडीत बांधून पाठवला होता, सुकून गेला होता.

दाढ काढल्यावर रक्त येत राहिलं तर सारखं थुंकायचं नाही, चुळा भरायच्या नाहीत. कापसाची घट्ट घडी किंवा गॉज जागेवर ठेवून अर्धा-पाऊण तास न सोडता दाबायचं. त्यानंतरही तोंड भरून रक्त येत असेल, किंवा माणूस रक्त पातळ होण्याची गोळी घेत असेल, तर दवाखाना. वरच्या दाताची सूज डोळ्याकडं चढून पापणी मिटायला लागली, किंवा एकाचं दोन दिसायला लागलं, तर तेही रात्रीचंच काम, कारण तिथून वाट मेंदूकडं जाते. पडल्यावर दात एकमेकांवर नेहमीप्रमाणे बसेनासे झाले तर जबडा मोडलाय असं धरायचं. आणि एक तिनं आवाज खाली करून सांगितलं, कारण शेजारच्या खाटेवर हृदयाचे पेशंट होते: खालचा जबडा दुखतोय, दात एकही किडलेला नाही, चालताना वाढतं, बसलं की कमी होतं, घाम येतो, अशा माणसाला दातांकडं नाही, ईसीजीला पाठवायचं.

घरी आलो तेव्हा माणसं बघायला येत होती. "दाढेनं माणूस जातंय व्हय?" हे मी इतक्यांदा ऐकलं की उत्तर द्यायचं सोडलं, मामांना मान वर करायला सांगायची. हनुवटीखालच्या खुणा दाढीत झाकत नाहीत. आत्या आता येणाऱ्या प्रत्येकाला शेक देऊ नका म्हणून सांगतात, आणि वीट कुणी तापवली होती याचा उल्लेख गाळतात.

हळूहळू फोन माझ्याकडं यायला लागले. वहिनी, सूज आलीय, काय करू? मी डॉक्टर नाही, औषध सांगत नाही. भाचीचे प्रश्न विचारते. सूज कुठं आहे, गालावर की जबड्याखाली की डोळ्याकडं? तीन बोटं आत जातात का? थुंकी गिळतोय का? जीभ बाहेर येते का? आडवं झोपवतंय का? शुगर, डायलिसिस, केमो असं काही आहे का? यातल्या एकाचंही उत्तर वाईट आलं तर मी गाडी काढा म्हणते. उत्तरं चांगली असतील आणि नुसती सूज असेल तर त्याच दिवशी दातांचा दवाखाना गाठायला सांगते. चुलत जावेच्या मुलाची सूज गालावर होती, तोंड उघडत होतं. तासगावच्या डॉक्टरांनी तिथंच चीर देऊन पू काढला, संध्याकाळी पोरगा क्रिकेट खेळत होता.

मामांच्या मामेभावाचा मुलगा मात्र माझ्यावर नाराज आहे. त्याचा फोन रात्री दोनला आला, दाढेनं नुसता बोंबलत होता. मी सगळे प्रश्न विचारले. सूज नाही, तोंड उघडतंय, गिळतोय, शुगर नाही, गार पाण्यानं बरं वाटतंय. मी म्हटलं, घरात डॉक्टरनं लिहून दिलेली दुखण्याची गोळी असेल तर ती घे, गार पाणी धर, उशी उंच कर, सकाळी पहिला नंबर लाव. त्याला वाटलं, मी त्याचं दुखणं मोजलंच नाही. मामांसाठी रात्रीची मिरज आणि मला उशी उंच कर म्हणता, असं तो लग्नात चारचौघांत बोलून दाखवतो. रूट कॅनाल होऊन वर कॅपही बसली त्याची, राग अजून तसाच आहे.